काळी पूड चुंबकाला चिकटली, पुढे काय? नव्या लोह-ऑक्साइड चुंबकीय पदार्थांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: फेरस आणि फेरिक, म्हणजे लोहाच्या दोन व तीन धनभारांच्या, क्षारांपासून मॅग्नेटाइट हे काळे चुंबकीय लोह ऑक्साइड बनवायला घेतले. पूड कधी काळी निघते, कधी तपकिरी. चुंबकाला चिकटते, पण दोन बॅचचे आकडे जुळत नाहीत, आणि पाण्यात टाकली की तळाशी बसते. यातून नवा चुंबकीय पदार्थ तयार करून तो प्रत्यक्ष वापरात आणायचा असेल, तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात वापरापासून करायची आणि तिथून मागे पदार्थाकडे यायचे. लोह ऑक्साइड चुंबकीय करणे ही या कामातली सर्वांत सोपी पायरी आहे. हाती नेमके कोणते ऑक्साइड आले आहे हे ओळखणे आणि ते तसेच टिकवणे, इथे बहुतेक कामे अडकतात. म्हणून आधी ओळखीबद्दल.

मॅग्नेटाइटमध्ये तीन लोह अणूंमागे एक फेरस आणि दोन फेरिक असतात. त्याच्या स्फटिकाच्या रचनेत, जिला स्पिनेल म्हणतात, लोहाला बसायला दोन तऱ्हेच्या जागा आहेत: चार ऑक्सिजननी वेढलेल्या आणि सहा ऑक्सिजननी वेढलेल्या. फेरिक अणू दोन्हीकडे निम्मे-निम्मे बसतात, त्यांचे चुंबकत्व विरुद्ध दिशांना असते आणि एकमेकांना पुसून टाकते. शिल्लक राहते ते फेरस अणूंचे. ही मांडणी लुई नील यांनी १९४८ मध्ये केली आणि या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९७० चे नोबेल मिळाले. मोठ्या स्फटिकातल्या मॅग्नेटाइटचे संपृक्त चुंबकन, म्हणजे जोरदार क्षेत्रात मिळणारे जास्तीत जास्त चुंबकत्व, सामान्य तापमानाला साधारण ९२ इएमयू (चुंबकत्वाचे एकक) प्रति ग्रॅम असते. त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, पण रचना स्पिनेलच राहिली, तर मॅघेमाइट होते: फेरस शून्य, काही जागा रिकाम्या आणि चुंबकन पंचाहत्तरच्या आसपास. तेच पुढे तापवत नेले की साधारण ३०० ते ५०० अंशांच्या दरम्यान हेमॅटाइट होते. त्याचे चुंबकन अर्ध्या इएमयूच्याही खाली असते, म्हणजे व्यवहारात शून्यच.

दहा नॅनोमीटरच्या कणांना मोठ्या स्फटिकाचा आकडा मिळत नाही. पृष्ठभागावरचे अणू नीट रांगेत नसतात. अशा कणांचे ५५ ते ७० इएमयू आले तर काम चांगले झाले असे समजावे. चाळिशीच्या खाली आले, तर पुडीत गोथाइट (लोहाचे बिनचुंबकीय ऑक्साइड-हायड्रॉक्साइड), पाणी, धुतले न गेलेले क्षार किंवा लेपाचे वजन यांपैकी काहीतरी आहे. आठ नॅनोमीटरच्या कणांना कोणी ९० सांगत असेल तर वजनाची नोंद पुन्हा तपासावी. हातातल्या चुंबकाला पूड चिकटली यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण पुडीत पाचवा हिस्सा मॅग्नेटाइट असले तरी ती उडी मारून चिकटते.

आता वापरापासून मागे येणे म्हणजे काय, ते एका हिशेबाने पाहू. समजा पाण्यातून काहीतरी चुंबकाने ओढून काढायचे आहे. चांगल्या कायमच्या चुंबकाजवळ क्षेत्राचा उतार ५० टेस्ला प्रति मीटर धरू. दहा नॅनोमीटरच्या एकट्या मॅग्नेटाइट कणावर एवढ्या उताराने पडणारे बल आणि पाण्याचा विरोध यांचा मेळ घातला, तर वेग निघतो सेकंदाला ०.१३ मायक्रोमीटर. एक सेंटिमीटर सरकायला त्याला सुमारे २१ तास लागतील, आणि तेवढ्या वेळात औष्णिक हालचाल त्याला कुठेही नेईल. वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे अशाच कणांचा २०० नॅनोमीटरचा घोस बनवला आणि त्यात वजनाने नव्हे तर आकारमानाने ६० टक्के मॅग्नेटाइट असले, तर तेच अंतर पाच मिनिटांत कापले जाते. म्हणून चुंबकाने वेगळे करण्याच्या कोणत्याही वापरात सुटे कण हे उद्दिष्ट असूच नये. आत लहान कण हवेत, म्हणजे क्षेत्र काढल्यावर चुंबकत्व राहत नाही आणि घोस एकमेकांना चिकटून बसत नाहीत; बाहेरून मात्र मोठा घोस हवा. उलट द्रवरूप चुंबक, म्हणजे फेरोफ्लुइड हवे असेल, तर नेमके सुटे कणच लागतात. कारण तिथे कण चुंबकाकडे वेगळे न सरकता द्रव अखंड ओढला जायला हवा. पूड एकच असली तरी या दोन वापरांच्या गरजा परस्परविरोधी आहेत.

आता को-प्रेसिपिटेशन, म्हणजे दोन्ही क्षार एकत्र खाली पाडून ऑक्साइड बनवणे. सुमारे १७० मिलीच्या बॅचसाठी फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम घ्या. हे २० आणि १० मिलिमोल होतात, म्हणजे गुणोत्तर २:१. नायट्रोजन अर्धा तास सोडून ऑक्सिजन काढलेल्या ५० मिली पाण्यात, एक मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून, दोन्ही विरघळवा. आम्ल विसरू नका. ते नसेल तर फेरिक क्षार बाटलीतच जलविघटित होऊन पिवळट गढूळ होऊ लागतो. दुसऱ्या भांड्यात २५ टक्के अमोनिया २० मिली आणि असेच ऑक्सिजन काढलेले पाणी १०० मिली घ्या. हिशेबाने सात मिली अमोनिया पुरतो, उरलेला शेवटचा पीएच १० च्या आसपास राहावा म्हणून आहे. अमोनियाचे भांडे ६० अंशांवर, नायट्रोजनखाली, जोरात ढवळत ठेवा आणि लोहाचे द्रावण त्यात एका दमात ओता. मग ८० अंशांवर ३० ते ४५ मिनिटे. हे सारे फ्यूम हूडमध्ये करायचे. हिशेबाप्रमाणे २.३२ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवे. २.८ ग्रॅम भरले तर आनंद मानू नका. जास्तीचे वजन पाण्याचे किंवा क्षाराचे आहे.

लोह अमोनियात ओतायचे, उलट नाही, याला कारण आहे. लोहाच्या द्रावणात अमोनिया थेंब थेंब सोडला तर पीएच दोन-तीनवर पोचताच फेरिक एकटे खाली बसते. फेरस अजून द्रावणातच असते, ते पीएच आठच्या पुढे येते. दोघांची भेट उशिरा होते आणि मधल्या काळात बनलेले गोथाइटसारखे बिनचुंबकीय ऑक्साइड शेवटपर्यंत पुडीत राहते. तपकिरी बॅचचे पहिले कारण हे.

दुसरे कारण फेरस क्षार. ताजा क्षार फिकट हिरवा असतो. त्यावर पिवळी-तपकिरी झाक आली की त्यातला काही भाग फेरिक झालेला आहे आणि तराजूवरचे २:१ आता २:१ राहिलेले नाही. डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा डायक्रोमेटने टायट्रेशन करून फेरस किती ते मोजा. परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडीकृत करते, त्यामुळे क्लोराइड क्षाराला ते साधेपणाने चालत नाही. नायट्रोजनची सोय कच्ची असेल तर फेरस थोडे जास्त, म्हणजे फेरिक-फेरस १.८:१ घेणे हा बरा तोडगा आहे, पण तो कायमचा उपाय नव्हे. अमोनियाची बाटलीही तपासा. उघडझाप होत राहिलेली २५ टक्क्यांची बाटली काही महिन्यांनी २५ टक्क्यांची नसते.

आणि चुंबकाची पट्टी फिरवणारी चुंबकीय ढवळणी वापरू नका. पहिल्या मिनिटातच कण पट्टीला चिकटतात, तिथे जाड थर बसतो, उरलेल्या भांड्यातले मिश्रण मंदावते आणि बॅचमधला काही भाग वेगळ्याच परिस्थितीत वाढतो. वरून फिरणारी, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या पात्याची मोटर घ्या. बॅच-बॅचमधला फरक एवढ्या एका बदलाने निम्मा झालेला दिसणे हे नवल नाही.

धुताना चुंबकावर बसवून वरचे पाणी ओतत जा. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला एक गोष्ट घडते आणि नवखे घाबरतात: पाणी निवळतच नाही, गडद तपकिरी राहते. माल वाया चाललेला नसतो. क्षार कमी झाल्याने कणांवरचा विद्युतभार एकमेकांना दूर ढकलू लागतो आणि कण सुटे होतात. ते पाणी फेकू नका, सेंट्रीफ्यूज करा किंवा मोठा चुंबक रात्रभर लावा. क्लोराइड संपले का, ते धुण्याच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घालून बघता येते. एक सावधगिरी: उघड्या मॅग्नेटाइटचा भार पीएच साडेसहा-सातच्या आसपास शून्य होतो. म्हणजे पाणी नीट उदासीन होईपर्यंत धुतले की कण हमखास गुठळ्या करतात. पाण्यात टाकल्यावर तळाशी का बसते, याचे उत्तर इथे आहे. लेप द्यायचा तर त्याआधीच द्यायचा.

वाळवणे ही तर या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय. शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये हवेत रात्रभर ठेवलेले दहा नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट सकाळी बऱ्याच अंशी मॅघेमाइट झालेले असते. शिवाय पाणी उडताना कण इतके घट्ट ओढले जातात की नंतर कितीही अल्ट्रासॉनिक लावले तरी मूळचे सुटे कण परत मिळत नाहीत. मोजणीसाठी एक-दोन मिली काढून निर्वातात ४०–५० अंशांवर वाळवा, त्यावरून एक मिलीत किती घन आहे ते काढा आणि उरलेली बॅच ओलीच ठेवा. बहुतेक वापरांना कोरडी पूड लागतच नाही.

ओळख पटवताना एक्स-रे डिफ्रॅक्शनवर सगळा भार टाकू नका. मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइटच्या जाळीची लांबी ८.३९६ आणि सुमारे ८.३५ अँगस्ट्रॉम. दहा नॅनोमीटरच्या कणांच्या पसरट रेषांमध्ये हा फरक बुडून जातो. तांब्याच्या एक्स-रे नळीवर ३५.५ अंशांच्या आसपास मुख्य रेषा आली म्हणून ‘मॅग्नेटाइट सिद्ध’ असे लिहिणे चूक आहे. एवढेच लिहावे की स्पिनेल आहे. डिफ्रॅक्शनचा खरा उपयोग अशुद्धी पकडायला होतो: २१ अंशांजवळ रेष दिसली तर गोथाइट, ३३ अंशांजवळ दिसली तर हेमॅटाइट. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतः चमकते आणि पार्श्वभूमी वर जाते, त्यामुळे छोटी रेष लपते. कोबाल्टची नळी किंवा मोनोक्रोमेटर असेल तर तो वापरा. फेरसचे प्रमाण मात्र रासायनिक पद्धतीने काढा: नायट्रोजनखाली हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून फेरस आणि एकूण लोह. शुद्ध मॅग्नेटाइटला हे गुणोत्तर ०.३३ यायला हवे. ताज्या लहान कणांना ०.२५ ते ०.३ आले तरी चालेल, ०.१ आले तर हाती मॅघेमाइट आहे हे मान्य करावे. फेरस-फेरिक वेगळे दाखवणारी मोसबावर स्पेक्ट्रोस्कोपी मिळत असेल तर उत्तमच.

चुंबकनाचे मापन घेताना पूड मेणात किंवा गोंदात पक्की बसवा. सैल कण क्षेत्राबरोबर फिरतात आणि आलेख खोटा निघतो. लेप दिलेला असेल तर थर्मोग्रॅव्हिमेट्रीने, म्हणजे तापवताना वजन मोजून, लेपाचे वजन वजा करून प्रति ग्रॅम ऑक्साइड असा आकडा द्या. ही चाचणी हवेत केली तर लक्षात ठेवा, मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण होताना वजन जास्तीत जास्त ३.४६ टक्के वाढते, तेवढा लेप कमी दिसतो. आणि आलेखाचे दोन हात एकावर एक दिसले म्हणून लगेच सुपरपॅरामॅग्नेटिक (क्षेत्र काढताच चुंबकत्व न उरणारे) म्हणू नका. शून्याजवळचा भाग, साधारण उणे १०० ते अधिक १०० ओर्स्टेड (क्षेत्राचे एकक), बारीक पावलांनी पुन्हा मोजा. मॅग्नेटाइटचे कण सुपरपॅरामॅग्नेटिक राहण्याची आकाराची मर्यादा साधारण २० ते २५ नॅनोमीटरच्या आसपास येते.

मॅग्नेटाइट टिकवण्याचा आटापिटा प्रत्येक वेळी गरजेचा नसतो, हे माझे स्पष्ट मत आहे. ९२ आणि ७५ मधल्या फरकाने काम अडत नसेल, तर मुद्दाम मॅघेमाइट बनवा. धुतलेला काळा गाळ पातळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून फेरिक नायट्रेटच्या ०.३ मोलर द्रावणात ९० ते १०० अंशांवर अर्धा तास उकळला की तो तांबूस-तपकिरी होतो. मग पुन्हा नायट्रिक आम्लाने आणि शेवटी ॲसिटोनने धुऊन पाण्यात सोडला की पीएच दोन-तीनला लेपाशिवाय स्थिर राहणारा द्रव मिळतो. जे ऑक्सिडीकृत व्हायचे ते होऊन गेलेले असते, त्यामुळे सहा महिन्यांनीही आकडा तोच येतो. रंग काळा नाही म्हणून त्याला कमी लेखू नये. ऑडिओ आणि व्हिडिओ टेपवर अनेक दशके मॅघेमाइटच्याच सुया होत्या. त्या गोथाइटच्या सुयांपासून बनत: आधी पाणी काढून हेमॅटाइट, मग हायड्रोजनने मॅग्नेटाइट, मग सांभाळून ऑक्सिडीकरण, आणि एवढ्या सगळ्यात सुईचा आकार मात्र मोडू द्यायचा नाही.

लेपाचे प्रमाण पृष्ठभागावरून काढा, अंदाजाने नाही. दहा नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग ग्रॅमला सुमारे ११६ चौरस मीटर येतो, म्हणजे वरच्या बॅचला २७० च्या जवळपास. ओलेइक आम्लाचा एक रेणू साधारण ०.३ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. यावरून एका थराला ०.४ ग्रॅमच्या थोडे वर लागते. अर्धा ते पाऊण मिली घाला. दोन-तीन मिली घातले तर पहिल्या थरावर उलटा दुसरा थर बसतो, कण पुन्हा पाण्याला धार्जिणे होतात, साबणासारखा फेस येतो आणि केरोसीनमध्ये जायला नकार देतात. तेलातले फेरोफ्लुइड फसते ते बहुधा आम्ल कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने. सिट्रिक आम्लाची गोष्ट वेगळी: बॅचला एक ग्रॅम, पीएच पाच-सहाच्या आसपास, ८० अंशांवर तासभर. पीएच आणखी खाली गेला तर सिट्रिक आम्ल लोहच विरघळवू लागते, वरचे पाणी पिवळे-हिरवट दिसते. नंतर ॲसिटोनने खाली बसवून जास्तीचे आम्ल काढा आणि पीएच सात-आठच्या पाण्यात सोडा.

घोस हवे असतील तर को-प्रेसिपिटेशनच्या मागे न लागता सॉल्व्होथर्मल मार्ग, म्हणजे बंद भांड्यात द्रावक तापवण्याचा, घ्या. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट १.३५ ग्रॅम, इथिलीन ग्लायकॉल ४० मिली, सोडियम ॲसिटेट ३.६ ग्रॅम, पॉलिइथिलीन ग्लायकॉल १ ग्रॅम; अर्धा तास ढवळून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांवर ८ तासांपासून पुढे. शेकडो नॅनोमीटरचे गोळे मिळतात, आत लहान स्फटिक. फेरस क्षार लागत नाही, कारण ग्लायकॉलच काही फेरिकचे फेरस करते. इथे घोळ घालते ते पाणी. ओलावा धरलेले ॲसिटेट किंवा उघडे राहिलेले ग्लायकॉल वापरले की गोळ्यांचा आकार बदलतो. ऑटोक्लेव्ह चार-पंचमांशापेक्षा जास्त भरू नका आणि पूर्ण थंड होण्याआधी उघडू नका.

‘नवा’ पदार्थ म्हणजे बहुधा स्पिनेलमध्ये दुसरा धातू घालणे. त्यात जस्ताचे उदाहरण सुंदर आहे. जस्ताला स्वतःचे चुंबकत्व नाही, तरी थोडे घातले की पदार्थाचे चुंबकन वाढते. ते चार ऑक्सिजनच्या जागेत बसते, म्हणजे नेमके विरुद्ध दिशेच्या गटात, आणि त्या गटाला कमजोर करते. सूत्रातल्या तीन धातू अणूंमागे साधारण ०.३ ते ०.४ जस्तापर्यंत हा फायदा मिळतो. पुढे दोन गटांतली पकड सुटते आणि चुंबकन घसरते. क्युरी तापमानही, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसे होते ते, खाली येते, म्हणून खोलीच्या तापमानाला दिसणारा फायदा अतिथंडीतल्यापेक्षा लहान असतो. इथे एक सापळा आहे: जस्त, कोबाल्ट, निकेल, तांबे हे सगळे जास्तीच्या अमोनियाबरोबर विरघळणारी संयुगे करतात. अमोनियाने खाली पाडले तर धातूचा मोठा हिस्सा धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो आणि कागदावरचे सूत्र कागदावरच राहते. सोडियम हायड्रॉक्साइड वापरा, जस्तासाठी पीएच अकराच्या वर नेऊ नका, आणि धुतलेल्या पुडीचे आयसीपी (धातूंचे प्रमाण मोजणारे) विश्लेषण केल्याशिवाय सूत्र लिहू नका. कोबाल्टने उलट काम होते: चुंबकन फारसे वाढत नाही, पण चुंबकत्वाची दिशा वळवायला कठीण होते. शरीरात जाणाऱ्या कोणत्याही वापरासाठी मात्र कोबाल्ट आणि निकेल यांचा विचार सोडून द्यावा.

खऱ्या अर्थाने नवे म्हणावे असे ऑक्साइड म्हणजे एप्सिलॉन फेरिक ऑक्साइड. टोकियो विद्यापीठातल्या शिनइची ओकोशी यांच्या गटाने २००४ मध्ये त्याची कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व पुसायला लागणारे उलटे क्षेत्र, खोलीच्या तापमानाला २० किलोओर्स्टेड, म्हणजे सुमारे २ टेस्ला, असल्याचे दाखवले. साध्या लोह ऑक्साइडसाठी हा आकडा अचाट आहे. चुंबकन मात्र १५ इएमयूच्या आसपासच, त्यामुळे मोटारीतल्या चुंबकाची जागा ते घेणार नाही. त्याचा जोर मिलिमीटर लहरी शोषण्यात आहे: शुद्ध रूपात १८२ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि गॅलियम घालून ३५ ते १४७ गिगाहर्ट्झपर्यंत खाली आणता येते. वाहनांचे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झवर चालते, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. बनवणे अवघड आहे. सिलिकाच्या साच्यात कण बंदिस्त करून साधारण १००० अंशांवर भाजावे लागतात. साच्यात लोह जास्त भरले की कण मोठे होतात आणि सरळ हेमॅटाइट होऊन बसतात. नंतर सिलिका गरम सोडियम हायड्रॉक्साइडने काढावी लागते. तास-तास भट्टी सांभाळून ग्रॅमभर माल हाती येतो.

वजनाने पाहिले तर जगात सर्वाधिक चालणारे लोह-ऑक्साइड चुंबक नॅनो नाहीतच. ते फेराइट, म्हणजे लोह ऑक्साइड आणि दुसऱ्या धातूचे ऑक्साइड भाजून केलेले सिरॅमिक चुंबक आहेत. योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये टोकियोत फेराइट शोधले, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्समध्ये बेरियम फेराइट आले, आणि आज लाउडस्पीकर व लहान मोटारींमध्ये स्ट्रॉन्शियम फेराइट बसते. एक किलो फेरिक ऑक्साइडला १६२ ग्रॅम स्ट्रॉन्शियम कार्बोनेट घेतले तर स्ट्रॉन्शियम आणि फेरिक ऑक्साइड यांचे मोलचे गुणोत्तर १:५.७ पडते. सूत्राप्रमाणे १:६ हवे, पण थोडे जास्तीचे स्ट्रॉन्शियम नसेल तर हेमॅटाइट उरते. १२०० ते १२८० अंशांवर भाजणे, पाण्यात एक मायक्रॉनच्या खाली दळणे, चुंबकीय क्षेत्रात ओले दाबणे, पुन्हा १२०० अंशांच्या आसपास पक्के करणे. दळताना अर्धा टक्का सिलिका आणि त्याहून थोडे जास्त कॅल्शियम कार्बोनेट घालतात. कॅल्शियमने घनता येते, सिलिकाने दाणे मोठे व्हायचे थांबतात. दाणे मोठे झाले की कोअर्सिव्हिटी कोसळते, आणि भट्टी २० अंश जास्त गेली तरी ते घडू शकते. दाबलेला तुकडा चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने जास्त आकसतो, आडवा कमी. साच्याची मापे तसा हिशेब धरूनच काढायची. थोडे लँथनम आणि कोबाल्ट जोडीने घालून ताकद वाढवता येते, तेवढाच खर्चही वाढतो. आणखी एक गोष्ट नवख्यांना फसवते: या चुंबकांची कोअर्सिव्हिटी थंडीत कमी होते. त्यामुळे डिझाइनची परीक्षा गरम भट्टीत नव्हे, उणे ४० अंशांवर घ्यावी लागते.

मऊ, म्हणजे चुंबकत्व सहज उलटणाऱ्या, फेराइटबद्दल एवढेच: निकेल-जस्त हवेत भाजता येते, मँगनीज-जस्ताला थंड होताना ऑक्सिजन पायरीपायरीने कमी करत न्यावा लागतो. तशी भट्टी नसेल तर मँगनीज-जस्ताच्या वाटेला जाऊ नये.

वैद्यकातल्या उष्णोपचाराबद्दल उत्साह मोठा आहे, म्हणून आकडे सांगतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात कण तापतात, पण सोबत शरीरही प्रवाहांनी तापते. त्याची प्रचलित मर्यादा क्षेत्र गुणिले वारंवारता अशी ४.८५ × १० चा आठवा घात अँपिअर प्रति मीटर-सेकंद धरतात. १०० किलोहर्ट्झला हे ४.८५ किलोअँपिअर प्रति मीटर होतात. लहान भागाला याहून जास्त सोसते, पण ४०० किलोहर्ट्झ आणि ३० किलोअँपिअरला मोजलेली उष्णता रुग्णासाठी निरर्थक आहे. लोह ऑक्साइडच्या कणांनी मेंदूच्या गाठीवर उष्णोपचार करण्याला युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि लोहाच्या कमतरतेसाठी फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइड कणांचे औषध अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झाले. तिथवर पोचायला कण बनवण्यापेक्षा शुद्धता, निर्जंतुकता आणि एकसारख्या बॅच यांचेच काम जास्त लागते. पहिल्या उत्पादनासाठी हा रस्ता मी सुचवणार नाही.

त्यापेक्षा डीएनए वेगळे करण्याचे सिलिका लेपाचे मणी हे जमण्यासारखे काम आहे. घोसांवर सिट्रेट, मग इथेनॉल-पाणी-अमोनियात टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट तासाभरात थेंबाथेंबाने. एकदम ओतले तर लेप न होता सिलिकाचे वेगळे पांढरे गोळे बनतात. धुताना चुंबकाने न ओढले जाणारे दुधी पाणी हे त्याचे लक्षण. एक ग्रॅम ऑर्थोसिलिकेटपासून सिलिका ०.२९ ग्रॅमच होते, हा हिशेब आधी करा. लेप पुरा झाला का, हे एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मणी दिवसभर ठेवून बघा. द्रव पिवळा झाला तर लेपाला भोके आहेत. ते लोह पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) बंद पाडेल, कारण पॉलिमरेज एन्झाइमला लोह चालत नाही.

पाण्यातले आर्सेनिक काढायलाही हे ऑक्साइड खरोखर उपयोगी आहे. राइस विद्यापीठात २००६ मध्ये १२ नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटवर हे दाखवले गेले. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पण ऊर्ध्वपातित पाण्यात आर्सेनिक घालून आलेली क्षमता जाहीर करू नका. खऱ्या भूजलात फॉस्फेट आणि सिलिकेट त्याच जागांसाठी झगडतात, आणि क्षमता किती उरते ते त्याच पाण्यावर मोजावे लागते. वापरलेला माल सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन पुन्हा वापरता येतो, पण ते धुण्याचे पाणी आर्सेनिकने भरलेले असते. त्याची विल्हेवाट प्रकल्पाच्या पहिल्या कागदावर हवी. चुंबक काढल्यानंतर पाण्यात उरलेले कणही मोजायचे. लोह लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की भांड्यांवर आणि कपड्यांवर डाग पडतात. फिनॅन्थ्रोलिनची नारंगी रंगाची चाचणी ५१० नॅनोमीटरला घ्या, मात्र नमुना आधी गरम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून आणि हायड्रॉक्सिलअमिनने फेरस करून. हे केले नाही तर तरंगणारे कण रंगच देत नाहीत आणि पाणी स्वच्छ असल्याची खोटी नोंद होते.